दोन्हीकडून सिंह

सुंदररावांना त्या दिवशी चहासुद्धा गोड लागेना. बीडच्या बसस्टँडमागे त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, पण नाव होतं ते नाण्यांच्या पारखीसाठी. छापताना चुकलेल्या नाण्याला लाखो मिळतात असले व्हिडिओ मोबाइलवर सुरू झाले, आणि घासलेली, ठोकलेली नाणी घेऊन रोज कुणी ना कुणी दारात हजर. त्या खोट्या नाण्यांनी त्यांचं डोकं उठवलं होतं.

चार दिवसांपूर्वी आष्टीकडची छबुबाई अशीच आली होती. मेंढरं राखणारी बाई, पदराच्या गाठीत रुपयाचं नाणं. एका बाजूला सिंह, आणि आकडा हवा तिथंही सिंहच, पण उलटे अन् आत रुतलेले. सुंदररावांनी सवयीने दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि रुतलेली बाजू पाहूनच निकाल दिला, की दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंज्यात आवळली की असाच ठसा उठतो. वर हेही सुनावलं, की याला कुणी विचारणार नाही, आणि चालवायला जाल तर पोलीस धरतील. बाई नाणं पुन्हा गाठीत बांधून निघून गेली.

आज फोटो चाळताना ते दुसऱ्या बाजूच्या फोटोवर थांबले. शिकंज्यात आवळलं असतं तर दुसऱ्या बाजूचे सिंह चेपायला हवे होते. हे तर जसेच्या तसे उठावदार. म्हणजे आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि हे त्याच्याखाली छापलं गेलं. टाकसाळीची अस्सल चूक! उभ्या जन्मात एकदा हाती आली, आणि आपण शहाण्यासारखे अर्धीच पाहिली.

मग हात कामाला लागेना. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात त्यांनी सेल उलटा बसवला. छबुबाईचा नंबर नव्हता, पण आष्टीचा बाजार ती चुकवत नाही, असं बोलण्यात आलं होतं. बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून ते निघाले. एसटीत जागा होती, तरी त्यांना बसवेना.

मेंढरांच्या बाजारात ती सापडली. नाण्याचं विचारताच तिनं म्होरक्या एडक्याकडे बोट केलं. त्याच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ते लटकत होतं, मधोमध लोहारानं पाडलेलं भोक.

"लक्ष्मी टाकून देत न्हाईत," ती म्हणाली. "चालत न्हाई म्हणलात, मंग घातलं ह्याच्या गळ्यात."

सुंदररावांना बाजाराबाहेर उभी परतीची एसटी दिसत होती. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? पण त्यांना राहवलं नाही. नाणं खरं होतं, मीच नीट पाहिलं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. काय आलं असतं, असं तिनं विचारलं. आठ-दहा मेंढरांचे पैसे तरी आले असते, ते म्हणाले. आणि आता? आता भोक पडलं, आता कुणी विचारणार नाही.

तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती एडक्याच्या मानेवरून हात फिरवत राहिली.

"म्हंजी तुमी म्हणला व्हता तसंच झालं की, सायेब," ती म्हणाली.