मागितलेलं रोप

कळी टांगलेल्या टोपलीच्या तळातून बाहेर आली होती. या जातीच्या ऑर्किडचा दांडा वर येत नाही. शेवाळातून खाली शिरतो, फटीतून बाहेर पडतो आणि लोंबत राहतो. आर्सेलियाने मान तिरकी करून खालून पाहिलं. पाकळ्यांच्या तीन लांब शेपट्यांपैकी एक अजून सुटायची होती. मधला पांढरा ओठ, म्हणजे सगळ्यात आतली पाकळी, अळंबीसारखा, वारा नसतानाही किंचित थरथरणारा.

"आई, मान धरेल," यामिले म्हणाली. आर्सेलियाची ही मुलगी सकाळच्या बसने खालच्या मेडेयीन शहरातून वर आली होती. "तुझी खोली रंगवून झालीये. आता तरी हो म्हण."

"नाताळनंतर बघू."

"कुठल्या नाताळनंतर? इथे धुक्यात कपडे वाळत नाहीत, तुझे गुडघे दुखतात. फुलं आपण बाल्कनीत ठेवू."

"मागे एक टोपली नेलीस ना? खालच्या उकाड्यात पार उकडलेली भाजी केलीस तिची."

यामिले हसली आणि गुळाच्या गरम पाण्यात चीजचा तुकडा बुडवू लागली. एवढ्यात अंगणाचं फाटक वाजलं.

"तुझा चोर आला वाटतं."

या डोंगरात रोप कुणी मागत नाही. मागितलेलं लागत नाही, मूळ धरत नाही; चोरलेलंच लागतं, असं सगळे मानतात. म्हणून शेजारचे एफ्राइन आले की आर्सेलिया पाठ फिरवून भांडी घासायला घेई. चाकू आधीच टोपल्यांपाशी ठेवलेला असे. त्यांच्या परसातून तीही असंच आणी. मागच्या खेपेला यामिले "आई, तो बघ उपटतोय!" म्हणून ओरडली, तेव्हा आर्सेलियाने तिलाच दटावलं होतं, "हळू! ऐकेल ना तो."

आर्सेलिया सवयीने भांड्यांकडे वळली. पण आज एफ्राइन टोपल्यांकडे गेलेच नाहीत. दारात येऊन त्यांनी टोपी काढली.

"आर्सेलियाबाई, खोली रंगवलीये म्हणे तुमच्यासाठी. बसवाल्याने सांगितलं." त्यांनी टोपी हातात फिरवली. "जाणारच असाल तर... त्या लोंबत्या फुलाचं एक रोप द्याल का मला?"

यामिलेचा पेला तसाच हातात राहिला. आर्सेलियाने हात पुसले, भांड्यांतला चाकू उचलून टोपल्यांपाशी नेऊन ठेवला.

"मागितलेलं लागत नाही, एफ्राइन," ती म्हणाली. "फूल उमलून गेलं की चोरायला या. मी इथेच आहे. खाली राहायला जाणार नाही मी."