शेपटराव आणि मोजणीची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. माझ्या चारी भिंती पारदर्शक प्लास्टिकच्या. एका भिंतीतून समोरच्या भिंतीत न दिसणारे प्रकाशकिरण जातात. आत उंदीर धावला की किरण तुटतो आणि माझा आकडा वाढतो. मोजणीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

प्रयोगशाळेतल्या मॅडम उंदरांना उत्तेजक औषध द्यायच्या. त्यानं मेंदूत डोपामिन नावाचं रसायन वाढतं आणि उंदीर कानात वारं शिरल्यासारखा धावत सुटतो. "ही पेटी आहे म्हणून माझं काम चाललंय," असं मॅडम येईल त्याला सांगायच्या. मी आपली फुशारून जायची.

उंदरांची देखभाल मावशी करायच्या. त्यांचा एक लाडका होता. त्याच्या शेपटीचं टोक तुटलेलं, म्हणून मावशी त्याला मुद्दाम शेपटराव म्हणायच्या.

रोज डोस वाढत होता, तसा शेपटरावाचा आकडाही चढत होता. एका सकाळी मात्र तो एकदम खाली आला.

"औषधाची सवय झाली वाटतं," मॅडम म्हणाल्या. "उद्या डोस अजून वाढवू."

मावशी वाकून आत बघत होत्या. "मॅडम, हा शांत नाही बसलेला. कोपऱ्यात नुसती मान हलवतोय, काही नसताना कुरतडतोय. एकदा बघा तरी."

"मावशी, पेटी काय खोटं सांगते का?" मॅडमनी वहीतून मान वर केली नाही.

मी खोटं सांगितलं नव्हतं हो. पण औषध फार झालं की उंदीर धावायचा थांबतो आणि जागच्या जागी एकच हालचाल करत राहतो. त्याची थरथर माझ्या तळाला जाणवत होती. किरण मात्र एकही तुटत नव्हता, आणि मला तर तोंडच नाही. माझा जीव नुसता तळमळत राहिला.

दुसऱ्या दिवशी वाढीव डोस दिला आणि दुपारपर्यंत शेपटराव गेला. मावशींनी त्याला दोन्ही हातांनी उचललं. मॅडम कितीतरी वेळ वहीची मागची पानं उलटत होत्या.

"तुम्ही सांगत होतात, मावशी."

"हो," मावशी म्हणाल्या.

आता कॅमेऱ्याच्या नव्या पेट्या आल्या आहेत. मी कपाटावर धूळ खात पडले आहे. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. मित्रांनो, जो जीव तुमच्या हाती दिलाय, त्याच्याकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघत जा. माझ्या पोटात एक जीव तडफडत होता, आणि मी शून्य दाखवत होते.