नाव न लिहायचा कागद

कमलाकर पाष्टे संगमेश्वरकडचा, पाइप वेल्डर, वय बावन्न. सौदीत राबिघजवळ एका तुर्की कंपनीच्या कॅम्पात त्याचं चौथं वर्ष चालू होतं, आणि त्या शुक्रवारी त्याच्या हातात मोजून नऊ दिवस उरले होते. बारा तारखेला कोल्हापूरच्या इस्पितळात त्याची एक किडनी काढून बायकोला, शेवंताला, बसवायची होती. मुलीची जुळली नव्हती, याची जुळली होती. आमच्याकडे बायका नवऱ्याला किडनी देतात. नवऱ्याने बायकोला दिल्याचं त्याच्या गावात कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून लोक त्याला शहाणपण शिकवायला फोन करत. तो फोन ठेवून देई.

घोडं अडलं होतं रजेच्या सहीपाशी. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दोन महिन्यांपूर्वी संपलेला, कंपनीने नवा करून दिलेला नाही, म्हणून मोबाईलवरून जायचा-यायचा व्हिसा निघेना. पासपोर्ट कंपनीने ऑफिसात ठेवून घेतलेला. आणि साइटवर शटडाऊन, म्हणजे कारखाना बंद ठेवून करायची मोठी दुरुस्ती. जाड पाइपांच्या वेल्डिंगचा परवाना असलेले वेल्डर चारच, त्यातला एक हा.

सही करायची होती ओरहान बे या प्रोजेक्ट मॅनेजरने. सगळा कॅम्प त्याला बाबा म्हणे. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. कमलाकर तीनदा त्याच्या केबिनमध्ये गेला. तीनदा बाबाने त्याला बसवून घेतलं, छोट्या ग्लासातून चहा पाजला, शेवंताचा फोटो बघून डोळे पुसले, खांद्यावर हात ठेवून 'एव्हलादम', म्हणजे लेकरा, असं म्हटलं आणि 'इन्शाअल्ला, काम संपू दे' म्हणत दारापर्यंत पोचवलं. नाही असं एकदाही म्हणाला नाही. सहीही केली नाही.

अशात त्या शुक्रवारी जेवणं झाल्यावर मेसमध्ये नेविन मॅडम आल्या. अंकाऱ्याच्या विद्यापीठात शिकवायच्या. तुर्की कंपन्यांत साहेब लोक कामगारांना घरच्या पोरांसारखं वागवतात, त्याचा कामावर काय परिणाम होतो, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. बत्तीस वाक्यं, प्रत्येकापुढे एक ते पाच आकडे. अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच. दुभाष्या म्हणून हर्णैचा टाइमकीपर तौकीर उभा होता. त्याने हिंदीत तीनदा बजावलं, "नाम नहीं लिखने का. किसी को पता नहीं चलेगा."

कमलाकरने ते ऐकलं आणि सोडून दिलं. बिननावाचा अर्ज साहेब वाचत नाहीत, हे त्याला ग्रामपंचायतीपासून ठाऊक होतं. मॅडम तुर्कस्तानातून आलेल्या, बाबा त्यांच्यासाठी स्वतः खुर्ची पुसतो; यांच्या हातून कागद गेला तर सही होईल, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. बत्तीसच्या बत्तीस वाक्यांवर त्याने पाचाला गोल केला. 'माझा साहेब अडचणीत वडिलांसारखा पाठीशी उभा राहतो' यावर जरा थांबला, पण तिथेही पाच. मग मागच्या कोऱ्या बाजूवर मोडक्या इंग्रजीत शेवंताची सगळी हकीकत लिहिली, खाली नाव, इकामा नंबर, बॅज नंबर, आणि झोकात सही ठोकली.

मॅडमनी कागद उलटला आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी तौकीरला बाजूला बोलावलं, बराच वेळ बोलल्या. तौकीर आला तो मान खाली घालून.

"कमलाकरभाऊ, नाव लिवलंत कशाला? ह्यो कागद आता त्यांना ठेवताच येत नाय. फाडायला लागंल."

"फाडायचा? अरे, बाबाला द्यायला सांग ना!"

"कुणाचं लिवलेलं साहेबाला दाखवायचं नाय, असा त्यांचा नियम हाय. एकाचं दाखवलं तर बाकीचे दीडशे कागद कोण भरंल, म्हंतात. तुमची नोकरी जाईल, हीपण भीती हाय त्यांना."

"नोकरी जाऊ दे की! हाकलून दिलं तर घरी तरी जाईन. तोंडी सांग म्हणावं. एक शब्द. हात जोडतो."

त्याने खरंच हात जोडले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबासारखं त्यांनाही पाणीच आलं. मग त्यांनी सांभाळून, अक्षरं लागणार नाहीत इतके बारीक तुकडे केले आणि आपल्या पर्समध्ये टाकले. कमलाकर पर्सकडे बघत राहिला. आपली बायको या बाईच्या पर्समध्ये बंद झाली असं त्याला वाटलं.

"निदान या संशोधनाचं यांचं पुस्तक निघेल ते बाबा वाचणार ना?" त्याने विचारलं. "कधी?"

तौकीरने विचारून सांगितलं, "दीड वरसान."

मॅडमनी त्याच्यापुढे नवा कोरा फॉर्म ठेवला. या वेळी मनात येईल ते खरं लिहा, म्हणाल्या, अगदी मोकळेपणाने. तौकीरने मराठीत आणखी जोडलं, "घाला एकेक समद्यावर. कुणाला कळतंय?"

कमलाकरने पेन घेतलं. संताप एवढा होता की कागद फाटला असता. पहिल्या वाक्यावर त्याने एकाच्या आकड्यापाशी पेन नेलंही. तेवढ्यात बाबा मेसच्या दारात आला. सगळ्यांकडे बघून हसला, छातीवर हात ठेवला, आणि कमलाकर दिसताच लांबूनच म्हणाला, "एव्हलादम!"

कमलाकर अर्धा उठला, छातीवर हात ठेवून वाकला, परत बसला. आणि त्याने पाचाला गोल केला. दुसऱ्यालाही पाच. सरळ खाली उतरत गेला, वडिलांच्या वाक्यापाशी या वेळी थांबलासुद्धा नाही.

फॉर्म उचलताना तौकीरला राहवलं नाही. "भाऊ, नाव नव्हतं की आता. मंग खोटं का लिवलंत?"

"खोटं नाही रे," कमलाकर म्हणाला. "एक लिहिला असता, तर उद्या त्याच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहिलो असतो? त्याच्याशिवाय आहे कोण मला इथे?"