नट कोण फिरवतंय?

दादांच्या ट्रकला सगळी गल्ली म्हातारी म्हणायची. दादांना त्याचा राग येत नसे, कारण म्हातारी असली तरी ती चालत होती, आणि ती थांबली की आपणही संपलो, असं त्यांना मनापासून वाटायचं. गॅरेजचं तोंड त्यांनी तिला कधी दाखवलं नाही. अंगणातच जॅक लावायचा, चाक उतरवायचं, ग्रीस भरायचं, चाक चढवून नट आवळायचे. मग प्रत्येक नटावरून रिमपर्यंत खडूची सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

त्या सकाळी मागच्या चाकाच्या सगळ्याच रेघा तुटल्या होत्या.

गाडी धावली असती तर रस्त्याला दोष देता आला असता. पण ती अंगणातून हललीच नव्हती! दादांच्या मनात पाल चुकचुकली. हा कुणाचा तरी हात. आणि तो कुणाचा, हे शोधायला लांब जायला नको होतं. भिंतीपलीकडे धाकटा भाऊ राहायचा. ट्रक दोघांच्या नावावर. "दादा, पुरे आता, विकून टाकू," हे त्याचं पालुपद वर्षभर चाललेलं. चाक निखळून गाडी एकदा आडवी झाली, की मग दादांना विचारतो कोण?

"मला मारायला निघालास का रे?" दादांनी त्याला भर अंगणात उभं केलं. "सख्खा भाऊ ना तू?"

धाकटा एरवी एकाला दोन ऐकवणारा. आज त्याने फक्त वहिनीकडे बघितलं आणि मान खाली घातली. वहिनी, म्हणजे दादांची बायको, कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातला टॉवेल दोरीवर जायचा राहिला.

"बघ, शब्द फुटतोय का तोंडातून!" दादा कडाडले. "चालता हो. या अंगणात पुन्हा पाय टाकायचा नाही."

तो गेला. दादांनी नट पुन्हा आवळले, नव्या रेघा ओढल्या, आणि जेवण झाल्यावर डुलकी काढतो म्हणून खिडकीच्या फटीला डोळा लावून बसले. येऊ दे लेकाला, मानगूटच धरतो!

धाकटा आला नाही. आली बायको. तिने नटाला पाना लावला, ट्रकची फळी धरली, पान्याच्या दांड्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली आणि अंगाचा सगळा भार टाकून हिसका दिला.

दादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते धावतच बाहेर आले. "तू? तू नट ढिले करतेस?"

"ढिले?" ती दांड्यावरून न उतरताच म्हणाली. "डोळे उघडून बघा जरा, कुठल्या बाजूला फिरतोय."

सकाळी रागाच्या भरात नेमकं तेच बघायचं राहिलं होतं. नट आवळला जात होता. दादांनी दात-ओठ खाऊन घट्ट केलेला नट अजून चांगला पाव फेरा आत गेला.

"कधीपासून चाललंय हे?" दादांचा आवाज खाली आला.

"तुमच्या मनगटातला जोर गेला तेव्हापासून. भावोजींना एकदा दोन नट नुसत्या हाताने फिरताना सापडले. गाडी विकू म्हणून सांगून पाहिलं, तुम्ही ऐकता होय? मग तुमच्या मागून तेच आवळायला लागले. रेघासुद्धा परत ओढायचे. काल मेला खडूच सापडला नाही. आणि आज तुम्ही त्यांना हाकललंत, म्हणून मला चढावं लागलं."

"मग सकाळी मी त्याला नाही नाही ते बोललो, तेव्हा गप्प का बसलीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, दादाला कळलं तर तो मनातून खचेल. त्यापेक्षा मला शिव्या देऊ दे."

दादा पायरीवर बसले. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. सकाळची ती खाली घातलेली मान डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी ते उठले आणि भिंतीपाशी गेले.

"अरे ए, ये ना इकडे!"

पलीकडून कुणी आलं नाही. शेजारच्या खिडक्यांतून मात्र डोकी बाहेर आली. दादा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ये रे बाबा. माझ्याच्यानं नट आवळले जात नाहीत आता."