भिंतीवरचे डास

"पाव्हणं, च्या निवाला की! भिताडात सोनं गावलंय व्हय?"

व्याह्यानं, नाथाजीनं, थट्टा केली तरी आकारामची नजर भिंतीवरून हटली नाही. कंदिलाची काच माजघराच्या भिंतीला टेकवून, दुसरं तोंड तळव्यानं झाकून तो उभा होता. आत चार डास. तास उलटला तरी चौघंही ढुंगण वर करून निवांत बसले होते. ही ऐट हिवतापाच्या डासाचीच.

भिंत त्यानंच आठ दिवसांपूर्वी सरकारी डीडीटीनं फवारली होती. इतर गावांत अशा भिंतीवर डास अर्ध्या तासात उताणा पडे. ब्रह्मदेशच्या लढाईत हिवतापानं धट्टीकट्टी माणसं गेलेली त्यानं पाहिली होती. म्हणून तर पलटण सुटल्यावर फवारणीचा पंप हाती घेतला. एकोणपन्नासच्या त्या भाद्रपदात प्रथमच ते औषध फसलेलं तो पाहत होता. याच घरात त्याची अंजना नांदत होती. सातवा महिना लागला होता.

"वांग्यावर पावडर कितीदा मारली, पाव्हणं?" आकारामनं विचारलं.

"दोन वरसं, आठवड्याच्या आठवड्याला! पयली चिमूटभर पुरायची. औंदा किडी लय माजल्यात, दुप्पट टाकतो. तुमचीच किरपा."

कृपा खरीच होती. व्याह्यानं तोंड उघडून मागितलं, मुलीच्या बापाला नाही म्हणवलं नाही. फवारणीतून उरलीसुरली डीडीटीची पावडर तो पोचवत राहिला. मळ्याचं पाणी खालच्या डबक्यात उतरे, आणि डास तिथंच जन्मत. अळी असल्यापासून ती पावडर चाखूनही जे जगले, त्यांचीच ही पिलावळ. हे त्याला कुठल्या साहेबानं शिकवलं नव्हतं. पण वांग्यावरच्या किडीचं झालं, तेच यांचं झालं असणार.

"अंजीला आजच माहेरी नेतो."

"पितरपाटात? आवं, लोक तोंडात शेण घालतील. घट बसू द्या, मग न्या."

"माझं औषध मेलं, पाव्हणं. म्याच मारलं."

नाथाजी हसला. "औषध कवा मरतं व्हय?"

तेवढ्यात आतून अंजना आली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिच्या अंगावर घोंगडं होतं.

"आबा, सकाळधरनं लय हीव भरलंय," ती म्हणाली. दातावर दात वाजत होते.

नाथाजीचं हसू मावळलं. तो दवाखान्यासाठी गाडी जुंपायला धावला.

आकारामनं लेकीला अंथरुणावर निजवलं. शेकडो घरं फवारलेला तो माणूस तिच्या उशाशी बसला, डोक्याचा पटका सोडला आणि गाडी येईपर्यंत तिच्या अंगावर येणारे डास हाकत राहिला.