ग्रे कार्ड

रविवारी सकाळी धम्मानंद मेश्रामच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला आज आपला अपमान होणार हे ठाऊक असायचं. तरी लोक जायचे. फोटोग्राफी इतकी नेमकी आणि तीही फुकट शिकवणारा दुसरा माणूस त्यांना नागपुरात सापडला नव्हता.

इंदोऱ्यातलं घर. खालच्या खोलीत भिंतीवर टीव्ही, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या. खुर्च्यांवर हौशी मंडळी: एक दातांचा डॉक्टर, कळमन्याच्या बाजारातला संत्र्यांचा एक अडत्या, बँकेत नोकरी करणारी वैभवी आणि असेच आणखी काही. धम्मानंद सावनेरकडच्या कोळसा खाणीत सर्वेअर होता. जन्मभर जमिनीखाली मापं घेतली, निवृत्त झाल्यावर आभाळातल्या पक्ष्यांमागे लागला. मापाची शिस्त मात्र सुटली नाही.

"लेन्सवर धूळ दिसली की शर्टाच्या टोकानं कोण पुसते?" तो विचारायचा. "खरं सांगा. आधी रबराची फुंकणी. तोंडानं फुंकाल तर थुंकी उडते. मग ब्रश. कापड सगळ्यात शेवटी. आणि मे महिन्यात गाडीत बॅग ठेवून जो रसवंतीवर जाऊन बसते, त्यानं कॅमेरा विकावा अन् कुकर घ्यावा."

लोक हसायचे. मग तो एकाचा फोटो टीव्हीवर लावायचा, त्यालाच उभं करायचा आणि विचारायचा, "ह्यात काय चूक आहे?" ज्याचा फोटो त्यानंच आपली चूक सगळ्यांसमोर सांगायची, ही पद्धत. सांगता आली नाही तर उभंच राहायचं.

वैभवी सगळ्यात जास्त उभी राहिली. एकदा तिचा कॅमेरा कपाटातल्या कपड्यांत राहिला आणि पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरली. "हवाबंद डबा अन् त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढंच लागते," धम्मानंद म्हणाला. "हिनं लेन्स साड्यांत ठेवली. आता लेन्सले पदर आला."

त्यानंतर एकदा फोटोंच्या फेरीवर, गोरेवाड्याच्या जंगलात, समोर गरुड उतरला आणि तिचं मेमरी कार्ड भरलेलं निघालं. रविवारी तो सगळ्यांना म्हणाला, "हिच्या कार्डात मावशीचं लग्न होतं. म्हणून गरुड मावला नाही." खोली हसून हसून वाकली. वैभवीही हसली, पण तिचे कान लाल झाले होते.

"काय करायचं असते, वैभवी?"

"फेरीआधी कार्ड फॉरमॅट करायचं, सर."

"कुठं?"

"कॅमेऱ्यातच. कॉम्प्युटरवर नाही."

"अन् आत काय आहे ते पाहत बसायचं का?"

"नाही सर. फोटो घरी आल्याबरोबर उतरवलेले असतात. सरळ फॉरमॅट."

"बस."

चहा घेऊन येणारी अंजना, धम्मानंदची बायको, दारातूनच म्हणायची, "जाऊ दे वं पोरी, याईचं मनावर घेऊ नको. मले तर चहात साखर किती ते पण मोजून सांगते हा माणूस." खोलीत तेवढाच मोकळा श्वास असायचा.

फेरीवर अंजना सोबत असायची. बॅग तिच्या खांद्यावर, थर्मास तिच्या हातात आणि ग्रे कार्डही तिच्याच हातात. ग्रे कार्ड म्हणजे वहीएवढा प्लास्टिकचा राखाडी तुकडा, दुसरं काही नाही. त्या दिवशीच्या उजेडात आधी त्याचा एक फोटो काढून ठेवायचा, मग घरी कॉम्प्युटरवर त्या राखाडी रंगावरून बाकी सगळ्या फोटोंचे रंग खरे करता येतात. धम्मानंद दर फेरीला अंजनाला उजेडात उभी करायचा. "तोंडासमोर धर. अजून वर. चमकू देऊ नको." ती धरायची. खटक. "झालं. हो बाजूला." ती बाजूला व्हायची आणि पक्ष्यांचं काम सुरू व्हायचं.

शेवटची फेरी कुहीजवळच्या तलावावर झाली. थंडी होती, पाण्यावर धुकं होतं, पलीकडच्या काठाला चक्रवाक उतरले होते. अंजनानं कार्ड तोंडासमोर धरलं आणि नेमका बटण दाबायच्या क्षणी ते खाली केलं. हसली. "इतक्या वर्षांत एखादा माह्याही काढा नं," म्हणाली.

"खाली काहून केलं? उजेड जाऊन राहिला," धम्मानंद खेकसला. त्यानं तो फोटो तिथंच पुसला आणि दुसरा काढला, कार्डाचा. आता फेरीवर फोटो पुसायचा नाही, घरी मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय काहीच फेकायचं नाही, हा त्याचा स्वतःचा नियम. पण तो नियम फोटोंसाठी होता. हा फोटो थोडीच होता?

त्याच आठवड्यात अंजना भाजी चिरता चिरता ओट्यापाशी कोसळली. दवाखान्यापर्यंतही पोचली नाही.

मृत्यूनंतर घरी वंदना आणि जेवण असतं त्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तसबीर हवी होती. घाईत काही सापडेना, म्हणून मुलीनं, दीक्षानं, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात अंजना कोणीतरी अचानक नाव विचारल्यासारखी दचकलेली दिसत होती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली तो फोटो लागला आणि वर्षभर तसाच राहिला. वर्ग बंद पडला. कॅमेरा डब्यात गेला.

वर्ष भरत आलं तेव्हा दीक्षा शाळेला सुट्टी टाकून आली. शाळेत शिकवायची, बापासारखीच नेमकं बोलायची.

"बाबा, या वर्षी तरी आईचा चांगला फोटो लावू. तुमच्याजवळ तर फोटोची खाण आहे."

ती कॉम्प्युटरसमोर बसली. दुपार गेली. धम्मानंद बाजूच्या खोलीत पेपर वाचत होता.

"बाबा, इकडं या."

पडद्यावर अंजनाच अंजना होती. अंबाझरीवर, गोरेवाड्यात, उमरेडच्या रस्त्यावर, कुहीच्या बांधावर. कधी स्वेटर, कधी डोक्याला रुमाल. प्रत्येक फेरीची पहिली फ्रेम. आणि प्रत्येक फ्रेममध्ये चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन.

"आईचे फोटो भरपूर आहेत," दीक्षा म्हणाली. "फक्त आई नाही त्यात."

"रंगासाठी लागतात ते," धम्मानंद म्हणाला.

"लागले का मग रंग?"

धम्मानंदची नजर शेवटच्या, कुहीच्या फ्रेमवर गेली. मग एकदम त्याला आठवलं. पुसलेला फोटो लगेच जात नाही. नवीन फोटो आधी पुढच्या रिकाम्या जागेत जातात, त्याच्या जागेवर चढत नाहीत तोवर तो मेमरी कार्डातच असतो, हे तो स्वतः शिकवायचा. कुहीनंतर त्यानं कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. म्हणजे अंजना कार्डात होती. हसत होती.

त्यानं दीक्षाला सगळं सांगितलं. अंजनानं ग्रे कार्ड खाली केलं ते, ती हसली ते, 'उजेड जाऊन राहिला' म्हणून आपण खेकसलो ते आणि फोटो पुसला तेही. दीक्षानं कॉम्प्युटर बंद केला. मग म्हणाली, "काढून आणा मग. उद्याच आणा."

धम्मानंदनं सगळं आपल्याच नियमानं केलं. कॅमेरा चालू केला नाही, नुसतं कार्ड काढलं, डबीत घातलं, डबी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली आणि बर्डीच्या बाजारात गेला. तिथं एक दुकानदार पुसलेले फोटो परत काढून द्यायचा.

दुकानदारानं कार्ड लावलं, थोडा वेळ पाहिलं. "काका, हे फॉरमॅट झालेलं आहे. अन् नंतर याच्यावर लय फोटो काढलेत."

"शक्य नाही. वर्षभरापासून कॅमेरा बंद आहे."

दुकानदारानं पडदा त्याच्याकडे वळवला. त्याच्याच घरासमोरचा मांडव होता. वंदना सांगणारे भन्तेजी होते. हात जोडून बसलेला तो स्वतः होता, मागे आधार कार्डातली दचकलेली अंजना. मग पंगती. भात वाढणारे हात, पत्रावळी, जेवताना बोलणारे पाहुणे, एकेका घासाच्या दहा दहा फ्रेमा. कुठं कोणाचे पाय फ्रेमच्या कडेला कापलेले नव्हते. कुठं फ्लॅश नव्हता. रेषा सरळ, रंग खरे.

"चांगले काढलेत कोणीतरी," दुकानदार म्हणाला.

धम्मानंदला ते हात लगेच ओळखू आले. त्यानंच घडवले होते. कार्यक्रमात वैभवी कॅमेरा घेऊन फिरताना त्यानं पाहिली होती, कॅमेरा कोणाचा हे पाहायचं भान तेव्हा नव्हतं. घरी फोन करून दीक्षाला विचारलं तर म्हणाली, "हो, तिचा दुरुस्तीला होता, म्हणून मीच दिला तुमचा. काहून?"

"पुसलेला सापडते का बघ," तो दुकानदाराला म्हणाला.

सापडला, अर्धा. वर धुकं होतं, पलीकडच्या काठाची झाडं होती. मग अंजनाचे केस, मधला भांग, कपाळ. भुवया जिथं सुरू होतात तिथं फोटो पट्टीनं कापल्यासारखा संपला. त्याच्या खाली कडेपर्यंत सपाट राखाडी रंग.

"खालचा भाग नवीन फोटोनं खाल्ला, काका. जिथं माहिती उरत नाही तिथं कॉम्प्युटर असा रंग भरते. याच्यासोबत एक नखाएवढा नमुना आहे, त्यात पूर्ण चेहरा दिसते. पण मोठा केला की..." त्यानं मोठा करून दाखवला. तपकिरी चौकोन आणि मध्ये दोन पांढरे. ते दात असावेत.

वर्षश्राद्धासारखं काही ते करणार नव्हते. सोमवारी घरी बुद्धवंदना आणि भोजनदान होतं. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, धम्मानंदनं वर्ग भरवला. सगळ्यांना स्वतः फोन केले. मंडळी आनंदानं आली. सर सावरले, असं एकमेकांत कुजबुजली. वैभवी फुलांची परडी घेऊन आली, उद्यासाठी.

धम्मानंदनं टीव्हीवर तो अर्धा फोटो लावला.

"वैभवी. ह्यात काय चूक आहे?"

ती उठली. तिच्या चेहऱ्यावर आनंद होता, वर्षानंतर सरांनी पहिलं नाव तिचं घेतलं होतं. "सर, क्षितिज थोडं डावीकडे कललंय. वर जागा जास्त सोडली आहे. आणि चेहराच नाही."

"काहून नाही?"

"फाइल खराब आहे, सर."

"फाइल कधी अशी खराब होते?"

"कार्ड फॉरमॅट करून वर नवीन फोटो काढले की."

"शाब्बास." खोलीत कोणीतरी खुदकन हसलं. "मागच्या वर्षी, इथल्या कार्यक्रमात, माह्या कॅमेऱ्याचं कार्ड कोणी फॉरमॅट केलं?"

वैभवीनं टीव्हीकडे पाहिलं. कपाळाकडे, भांगाकडे. कुंकू न लावणारं, मधोमध भांग काढलेलं ते डोकं त्या खोलीत चहाचा ट्रे घेऊन कितीदा वाकलं होतं. परडी तिच्या हातात होती, ती हळूच खुर्चीवर ठेवली.

"काकू आहेत का, सर?"

"होत्या. सांग सगळ्यांना. फॉरमॅट करायच्या आधी काय करायचं असते?"

तिचे ओठ हलले, आवाज नंतर आला. "तुम्ही म्हणायचे पाहत बसू नका. सरळ फॉरमॅट."

डॉक्टर खाली पाहत होता. अडत्यानं घसा साफ केला आणि "सर, जाऊ द्या नं," म्हणाला.

"उभी राहा," धम्मानंद तिला म्हणाला. "चूक सापडली नाही अजून."

वैभवी उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

दीक्षा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे खाली ठेवला. "बस वं वैभवी. तुले नाही विचारत ते." मग बापाकडे वळली. "मी सांगते काय चूक आहे. तिनं जेवणाचे फोटो काढले तेव्हा हा फोटो अगोदरच पुसलेला होता. कोणी पुसला, बाबा? उठा. ज्याचा फोटो त्यानंच सांगायचं ना?"

धम्मानंद बसूनच राहिला.

दीक्षानं कोपऱ्यातली कॅमेऱ्याची बॅग उघडली. ग्रे कार्ड बाहेरच्या खणात होतं, अंजना ठेवायची तिथंच. ते घेऊन ती भिंतीपाशी, दचकलेल्या तसबिरीशेजारी जाऊन उभी राहिली आणि कार्ड तोंडासमोर धरलं.

"घ्या. काढा," कार्डामागून ती म्हणाली. "सवय आहे तुमची. उद्या हाच लावू."

खिडकीतून उजेड तिरपा येत होता आणि कार्डावर सारखा पसरला होता, कुठंच चमक नव्हती. धम्मानंदला आधी तेच दिसलं. मग कार्डाच्या वर उरलेले केस दिसले, मधला भांग, कपाळ. आईचंच.

"खाली कर," तो म्हणाला.

दीक्षा तशीच उभी.

"खाली कर, बेटा. एकदा."

"उजेड जाऊन राहिला, बाबा," दीक्षा म्हणाली आणि कार्ड जरा आणखी वर धरलं.