लेकीनं राखलेला माळ

झरी गावाच्या अलीकडं, सडकेपासून आत, बन्सीधररावांचा मोठा माळ पडीक होता. मुरमाड जमीन, नांगराला दाद न देणारी. त्यामुळं तिथं चराईला बन्सीधररावांनी कधी कुणाला ना म्हटलं नाही, त्यांच्या बापानंही म्हटलं नव्हतं. नवरा रंगनाथ गेल्यापासून सुलाबाई त्याच माळावर शेळ्या चारत होती. काळ्याभोर, लांब कानांच्या शेळ्या. त्यांच्याच जिवावर तिनं एकुलती लेक शिकवली. शाळा उघडायची वेळ आली की एखादं बोकड बोरीच्या बाजारात जायचं आणि धम्मशीला पुढच्या वर्गात. परभणी झालं, पुणं झालं, आणि लेक घरांचे, बागांचे नकाशे काढणारी बाई होऊन परत आली. परभणीत तिनं खोली घेतली, पण आठवड्याला मायकडं येणं काही चुकवलं नाही.

म्हातारपणी बन्सीधररावांनी तो माळ परमेश्वर नावाच्या बिल्डरला विकला. आता जेसीबी येणार, ओढा बुजणार, जिकडंतिकडं चुन्याच्या रेघा पडणार असं वस्तीत जो तो बोलू लागला. पण परमेश्वरशेटनं नकाशाचं काम दिलं ते धम्मशीलेला, आणि तिनं त्यांचा पिच्छाच पुरवला. घरं एका अंगाला बांधू, ओढा आहे तसा वाहू देऊ, काठच्या पळसाला अन् हिवराला हात लावायचा नाही, आणि उरलेल्या माळावर पूर्वीचं गवत परत आणू. गवत आलं की तितर येतील, हरणं येतील, अन् असल्या जागी राहायला माणसं आपण होऊन येतील. परमेश्वरशेट आधी हसले, मग ऐकू लागले, शेवटी हो म्हणाले.

त्या संध्याकाळी धम्मशीला पेढे घेऊनच घरी आली. चुलीपुढं नकाशा पसरून ओढा कुठं, गवत कुठं, घरं कुठं हे बोट ठेवून सांगत राहिली. सुलाबाईला नकाशातलं काही उमगत नव्हतं, पण लेकीच्या तोंडावरचा उजेड दिसत होता. असा उजेड तिनं रंगनाथच्या मागं घरात पाहिला नव्हता.

"अन् शेळ्या कुठून जातील गं?" तिनं सहज विचारलं.

धम्मशीलेचं बोट थांबलं. नव्या गवताचे कोंब शेळ्या राहू देत नाहीत, म्हणून तारेचं कुंपण घालावं लागणार, असं तिनं हळूच सांगितलं. "तीनच वर्षं, माय. गवतानं मूळ धरलं की मी सोय करते."

"करशील की," सुलाबाई म्हणाली आणि पेढा तोंडात घातला.

पावसाळ्याच्या तोंडाशी कुंपण झालं. वस्तीतल्या दोघीतिघींनी सुलाबाईला टोमणे मारले, लेकीनं मायचंच रान बंद केलं म्हणाल्या. सुलाबाईनं त्यातलं काही लेकीच्या कानावर जाऊ दिलं नाही. ती शेळ्या घेऊन सडकेच्या कडेनं हिंडू लागली. पावसाळा निघाला. हिवाळ्यात लोकांच्या बांधांवर शेळ्या चारल्या म्हणून बोलणी खाल्ली. उन्हाळ्यात मात्र सडकेच्या कडेला धुळीनं माखलेली बाभूळ तेवढी उरली, आणि तिच्या शेंगांसाठी शेळ्या डांबरावर उतरू लागल्या.

एका दुपारी मुरूम घेऊन जाणारा टिप्पर वळणावर आला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, पण भरली गाडी ती, जागच्या जागी कशी थांबणार. भुरी शेळी आणि तिची पाठ, कोवळी शेळी, दोघी चाकाखाली गेल्या. काळ्या कळपात भुरी तेवढी भुरकट अन् सगळ्यांत जुनी, तिच्यामागं कळप चालायचा. ड्रायव्हर खाली उतरून हात जोडू लागला. मुरूम माळावरच्या नव्या रस्त्यासाठीच चालला होता. सुलाबाईनं त्याला जा म्हणून सांगितलं. मग ती बाभळीखाली बसली, आणि बाकीच्या शेळ्या तिच्याभोवती उभ्या राहिल्या. पुढं कोण चालणार हे त्यांना कळत नव्हतं.

पुढच्या बाजाराला शेजारच्या चांगुणाबाईला सोबत घेऊन तिनं कळप बोरीला नेला आणि सगळा विकून टाकला. चांगुणाबाईला तिनं धम्मशीलेपाशी बोलायचं नाही म्हणून बजावलं.

पण रिकामा गोठा लपतो कसा? पुढच्या खेपेला धम्मशीला मोठ्या आनंदात आली. कुंपणावरून उड्या टाकून ओढ्याच्या पाण्यावर हरणं उतरली होती, त्यांचे फोटो तिला मायला दाखवायचे होते. बोलत बोलत ती गोठ्यापाशी आली आणि मोबाइल हातात तसाच राहिला. शेळ्या कुठं, असं तिनं विचारलं. सुलाबाई म्हणाली, गुडघे दुखायलेत, हिंडणं होत न्हाई, म्हणून विकल्या. धम्मशीला शेजारच्या दारात उभ्या असलेल्या चांगुणाबाईकडं वळली. चांगुणाबाईनं खाली पाहिलं, आणि मग तिच्यानं राहवलं नाही. सडक, टिप्पर, भुरी, सगळं तिनं सांगून टाकलं.

धम्मशीला गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "मला का सांगितलं न्हाईस माय? मी कुंपण काढायला लावलं असतं."

"म्हणूनच न्हाई सांगितलं."

"तुझ्या शेळ्यांवर मी शिकले. अन् मीच..."

सुलाबाईनं तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "तुझ्या शिक्षणापायी लय बोकडं गेली, तवा मी रडले का? तुजं काम चांगलं हाय. कुंपण काढायचं न्हाई." एवढं बोलून तिनं फोटो दाखव म्हटलं. लेकीच्या डोळ्यांना धार लागलेली, आणि माय एकेक हरीण निरखून बघत होती.

तिसऱ्या वर्षी गवत कमरेला आलं. घरंही भरली. धम्मशीलेनं परमेश्वरशेटशी आणि तिथं राहणाऱ्यांशी भांडून हिवाळ्यात बी झडल्यावर वस्तीच्या शेळ्यांना फाटक उघडून घेतलं. पहिल्या दिवशी ती मायला मुद्दाम घेऊन गेली. चांगुणाबाईच्या शेळ्या पिवळ्या गवतात शिरल्या, नुसते कान दिसत होते. सुलाबाईनं एक काडी मोडून दातात धरली. गवत गोड हाय, म्हणाली. कितीतरी वेळ ती पळसाखाली बसून दुसऱ्यांच्या शेळ्या बघत राहिली.

"दोन पाठी घेऊ आपण, माय," धम्मशीला म्हणाली. "मी आणते."

"आता कशाला? त्यांच्यामागं पळायला मी कुठून पाय आणू." खोटंच सांगितलेलं गुडघ्यांचं दुखणं आता खरं झालं होतं.

पुढं तो माळ बघायला लांबून लांबून माणसं येऊ लागली, आणि धम्मशीलेला सांगायला बोलवू लागली. ती ओढ्याचं सांगायची, गवताचं सांगायची, तितरांचं सांगायची. कुणी विचारायचं, हे सगळं करताना कुणाचं काही नुकसान झालं का? ती पाणी मागायची, आणि मग आपल्या मायचं नाव घेऊन सगळं सांगायची. ऐकणारे हळहळायचे. घरी आल्यावर मात्र मायलेकींनी त्यावर एक शब्द कधी काढला नाही. सुलाबाई ताट वाढायची, भाकरी मोडून पुढं सरकवायची, आणि लेक जेवेपर्यंत तिच्याजवळ बसून राहायची.